अभ्यागतांच्या वाहनतळावरील भूछत्र

नेत्रवैद्यांनी विजेरीचा झोत डाव्या डोळ्यावरून बाजूला घेतला, चाकांची खुर्ची मागे सरकवली आणि अत्यंत प्रसन्न मुद्रेने सांगितले, "मांस वाढतंय. पांढऱ्यावरून बुबुळावर चढायला लागलंय. घाबरू नका, पुष्कळांना होतं. फक्त ऊन टाळा."

"किती टाळू?"

"पूर्ण."

"डॉक्टर, मी दिवसाचे आठ तास उन्हातच उभा असतो. नोकरीच ती आहे."

"मग सावलीत उभे राहा," नेत्रवैद्य म्हणाले आणि पुढच्या रुग्णासाठी त्यांनी घंटा वाजवली. इतका सुलभ उपाय आपल्याला आजवर कसा सुचला नाही, याचे आश्चर्य करीत आमचे गृहस्थ पायऱ्या उतरले.

हे गृहस्थ एका भल्यामोठ्या मनोरंजन-उद्यानाला लागून असलेल्या रिसॉर्ट हॉटेलात अभ्यागतांच्या वाहनतळाचे पर्यवेक्षक होते. सारे जग त्या जागेला पार्किंग म्हणे; परंतु नेमणूकपत्रात 'वाहनतळ' असा शब्द होता आणि ते स्वतः दुसरा शब्द उच्चारीत नसत. त्यांचे मेहुणे त्यांना 'तळाधिपती' म्हणत. ही पदवी उपहासाने दिलेली आहे हे कळायला त्यांना दोन वर्षे लागली, आणि कळले तोवर ती त्यांना आवडू लागली होती.

एखाद्यास वाटेल, डोळ्यावर काळा चष्मा चढवला असता तर काम भागले असते. पण हॉटेलच्या नियमावलीतील सतराव्या कलमाप्रमाणे सेवकाचे डोळे पाहुण्याला दिसले पाहिजेत, कारण खरे स्मित डोळ्यांतून ओळखले जाते. टोपी होती, परंतु ते हॉटेल परीकथेतल्या एका अरण्यात वसले आहे अशी मूळ संकल्पना असल्यामुळे ती वनरक्षकाची हिरवी टोपी होती. तिला डोळ्यांवर येणारी कड नव्हती, पीस मात्र होते. त्या पिसाची सावली उजव्या कानावर पडे. कानाला काहीही झालेले नव्हते.

आणि काम सारे डोळ्यांचे. हॉटेलात उतरलेले, उतरलेल्यांना भेटायला आलेले, नुसते जेवायला आलेले, अशा तिन्ही प्रकारच्या अभ्यागतांना तिथे गाडी लावण्याची मुभा होती. चौथा प्रकार लबाडांचा. हे लोक 'जेवायला आलोय' असे सांगून गाडी लावीत आणि मागच्या फाटकाने उद्यानात पसार होत. तळाधिपती त्यांना पायांवरून ओळखीत. जेवायला आलेला माणूस नाडीचे बूट आवळून बांधत नाही आणि पाठीवर पाण्याच्या तीन बाटल्या घेत नाही. शिवाय ते गाड्या एका ठरलेल्या क्रमाने, ओळीमागून ओळ अशा लावून घेत. संध्याकाळी गाडी विसरलेला पाहुणा आला की ते विचारीत, "किती वाजता आलात?" आणि उत्तर ऐकून, मागे न वळता, ओळ सांगत. ही विद्या त्यांना कोणी शिकवली नव्हती आणि ती कोणी शिकूनही घेतली नव्हती.

निवृत्तीला तीन वर्षे उरली होती. पाच महिन्यांनी वार्षिक आरोग्यतपासणी होती. गेल्या वर्षी फाटकावरच्या एका सेवकाला तक्त्यावरची पाचवी ओळ वाचता आली नाही, तेव्हा त्याला त्याच दुपारी पुष्पगुच्छ देऊन घरी पाठवण्यात आले होते. पुष्पगुच्छ सुंदर होता. त्या गृहस्थास तो नीट दिसला नसावा.

घरी येऊन त्यांनी नेत्रवैद्यांचा निर्णय सांगितला तेव्हा सौभाग्यवती भाजी निवडीत होत्या. त्यांनी मान वर न करता म्हटले, "अहो, मग एक छत्री मागा ना. सरळ सांगा, डोळा बिघडलाय, उन्हात उभं राहवत नाही, मोठी छत्री लावून द्या."

दिवाणखान्यात त्या वेळी मेहुणे होते, आणि शेजारचे निवृत्त ओव्हरसियरही होते. हे ओव्हरसियर रोज वर्तमानपत्र वाचायला येत आणि वाचून झाले की घडी विस्कटून ठेवीत. तिघाही पुरुषांनी त्या बाईंकडे कौतुकाने पाहिले आणि ते हसले.

"वहिनी, असं नसतं," ओव्हरसियर म्हणाले. "पस्तीस वर्षं अर्ज पाहिलेत मी. डोळ्याचं नाव काढलं की उद्याच डोळे तपासायला पाठवतील. आणि सावलीचं नाव काढलं की माणूस कामचुकार ठरतो. स्वतःसाठी कधी मागायचं नाही. मागायचं ते दुसऱ्यासाठी, आणि त्यात आपण हळूच शिरायचं."

"भावोजींना शिरायला जागा लागते," मेहुणे म्हणाले. ते विमा विकत आणि प्रत्येक गोष्टीचा शेवट कसा वाईट होईल याचे त्यांना व्यावसायिक ज्ञान होते.

खरे सांगायचे तर तळाधिपतींनाही ओव्हरसियरांचे म्हणणे मनापासून पटले. वरिष्ठांपुढे उभे राहून 'मला दुखते आहे' असे म्हणणे त्यांना आयुष्यात जमले नव्हते. दुखणे ही घरात बोलायची गोष्ट; कचेरीत बोलायची ती सेवेची. मग तिघांनी मिळून, दोनदा चहा घेऊन, अर्ज सिद्ध केला. त्यातले मुख्य वाक्य असे होते: 'अभ्यागतांच्या सुलभ मार्गदर्शनार्थ व त्यांच्या सुखसोयीत वृद्धी व्हावी या एकमेव हेतूने वाहनतळाच्या मध्यभागी एक अल्पसे छायास्थान उभारण्यात यावे, ही नम्र विनंती.' 'एकमेव' हा शब्द ओव्हरसियरांचा. तो सुचल्यावर ते काही क्षण डोळे मिटून बसले होते.

"डोळा कुठे आहे यात?" सौभाग्यवतींनी विचारले.

"तो गृहीत आहे," तळाधिपती म्हणाले.

अर्ज प्रथम भांडारपालाकडे गेला. भांडारपाल सज्जन होता. त्याच्या पाठीमागे भिंतीला टेकून आठ-दहा मोठ्या छत्र्या उभ्या होत्या. "छत्र्या आहेत की," तो म्हणाला, "पण या तरणतलावाच्या. निळ्या-पांढऱ्या. तरणतलाव हा समुद्रकिनारा आहे, आणि तुम्ही अरण्यात मोडता. अरण्यात समुद्राची छत्री उघडली तर मला कोण सोडेल, काका?"

तेथून अर्ज सुरक्षा अधिकाऱ्याकडे गेला. त्याने खिडकीतून वाऱ्याचा अंदाज घेतला. "उडाली आणि एखाद्या पाहुण्याच्या डोळ्यात गेली तर?" पाहुण्याच्या डोळ्याविषयीची ही तळमळ ऐकून तळाधिपतींचा डोळा भरून आला, तसा तो दुपारी दोननंतर रोजच भरून येई.

छत्री नको तर पक्के छप्पर, असा शेरा घेऊन अर्ज बांधकाम विभागात पोहोचला. तेथे कळले की वाहनतळाच्या मध्यभागी काहीही उभारायचे तर दोन गाड्यांची जागा जाणार. हॉटेलला जितक्या खोल्या तितक्या प्रमाणात गाड्यांच्या जागा असल्याच पाहिजेत असा नगरपालिकेचा नियम. तेव्हा दोन जागा गेल्या तर एक खोली कायमची बंद ठेवावी लागणार. व्यवस्थापकांनी हे ऐकले आणि ते खुर्चीतून अर्धे उठले. "एका माणसाच्या डोक्यावर छप्पर यावं म्हणून मी एका कुटुंबाच्या डोक्यावरचं छप्पर काढू?" हे वाक्य त्यांना स्वतःलाच इतके आवडले की त्यांनी ते लगेच कारकुनाला उतरवून घ्यायला सांगितले.

घोंगडे असे दीड महिना भिजत पडले. डोळ्यातले मांस मात्र कोणाच्याही मंजुरीवाचून पुढे सरकत होते.

अखेर अर्ज संकल्पना विभागात गेला. उद्यानात आणि हॉटेलात जे जे पाहुण्याच्या दृष्टीस पडते, मग ती कचऱ्याची पेटी का असेना, ते सारे परीकथेशी सुसंगत आहे ना, हे हा विभाग पाहत असे. त्याच्या प्रमुख बाईंना सगळे संकल्पनाबाई म्हणत. अर्ज वाचून त्या उभ्या राहिल्या. दीड महिन्यात त्या अर्जाने कोणाला इतका आनंद दिला नव्हता.

"काका, तुम्ही इतकी वर्षं होतात कुठे? अरण्यात सावली कशाची असते?"

"झाडाची," तळाधिपती म्हणाले.

"झाड सगळेच करतात. भूछत्र! लालभडक, पांढरे ठिपके, दहा फूट उंच. आणि त्याच्या देठात दार. आत वनबुटका राहतो."

"मला वाटतं, चार खांब आणि वर पत्रा..."

"पत्रा?" बाईंनी हा शब्द अशा स्वरात उच्चारला की तळाधिपतींनी क्षमा मागितली.

त्या संध्याकाळी मेहुणे पोट धरून हसले. "भावोजी, छत्री मागितलीत आणि कुत्र्याची छत्री पदरात पडली!" त्यांनी हे साऱ्या इमारतीला सांगितले. ओव्हरसियर मात्र गंभीर होते. "हसू नका," ते म्हणाले. "मंजूर झालं की नाही? 'एकमेव' या शब्दानं काम केलं."

जागेचा प्रश्न संकल्पनाबाईंनीच सोडवला. वाहनतळाच्या कडेला कर्मचाऱ्यांच्या सायकली लावायचा चौथरा होता. स्वयंपाकघरातल्या, फाटकावरच्या आणि खोल्या झाडणाऱ्या सतरा माणसांच्या सायकली तेथून उचलून धुलाईघराच्या मागे, दहा मिनिटांच्या वाटेवर, नेऊन टाकण्यात आल्या, आणि चौथऱ्यावर भूछत्राचा देठ रोवला गेला. नऊ वर्षे रोज अकराच्या ठोक्याला स्वयंपाकघरातून तळाधिपतींसाठी आल्याचा चहा येत असे. त्या दिवशी अकरा वाजले, साडेअकरा वाजले, पण चहा काही आला नाही. दुपारी मुख्य आचारी समोरून गेला. "काय, तुमच्या बंगल्याची वास्तुशांत कधी?" असे त्याने विचारले आणि उत्तरासाठी तो थांबला नाही.

भूछत्र तयार झाले ते नमुन्याबरहुकूम. देठाचे दार साडेतीन फुटांचे, कारण वनबुटक्याचे घर. आत पंखा नव्हता, कारण वनबुटक्याच्या काळी वीज नव्हती. खिडकी एकच, ताटाएवढी गोल, आणि ती वाहनतळाकडे नव्हे तर हॉटेलच्या मुख्य प्रवेशद्वाराकडे उघडत होती. आत बसलेल्या माणसाला गाड्या दिसल्या पाहिजेत, असे तळाधिपतींनी सुचवून पाहिले. "गाड्या दिसल्या तर वनबुटक्याचा भ्रमनिरास नाही का होणार?" बाई म्हणाल्या.

पहिल्या दिवशी सकाळी दहा वाजता, आजूबाजूला कोणी नाही असे पाहून, तळाधिपतींनी टोपी काढून हातात घेतली, गुडघे टेकले आणि रांगत आत प्रवेश केला. आत एक ओंडक्याच्या आकाराचे बैठे आसन होते. ते त्यावर बसले. बाहेरचे ते पांढरे, टोचणारे, चहूबाजूंनी चावणारे ऊन एकाएकी नाहीसे झाले. डोळ्यातली चुरचुर हळूहळू उतरू लागली, अंगणात ओतलेले पाणी मुरत जावे तशी. त्यांनी डोळे मिटले. अनेक वर्षांनी त्यांना आपल्या पापणीच्या आतला रंग काळा दिसला. एरवी तो तांबडा असे. एखाद्या पुण्यात्म्याला स्वर्गातही याहून अधिक काही मिळत असेल असे त्यांना वाटले नाही. हे सुख बरोबर चाळीस मिनिटे टिकले.

एकेचाळिसाव्या मिनिटाला बाहेर कर्ण्यांचा कल्लोळ उठला. दृष्टीआड झालेला वाहनतळ म्हणजे वाहनांनी स्वतः चालवलेला कारभार. मनाला येईल तिथे गाड्या लागल्या होत्या. तिसऱ्या ओळीत दोन गाड्यांनी नाकाला नाक लावले होते. नाडीचे बूट घातलेले, बाटल्यांवाले, असे कितीतरी लबाड केव्हाच मागच्या फाटकाने पार झाले होते. आणि एक गृहस्थ सहकुटुंब मध्यभागी उभे राहून ओरडत होते, "नऊ पन्नासला लावली होती हो! पांढरी आहे!" पांढऱ्या गाड्या एकशे बारा होत्या.

तळाधिपती लगबगीने बाहेर आले. परंतु साडेतीन फुटी दारातून साडेपाच फुटांहून अधिक उंचीच्या माणसाला एकाच रीतीने बाहेर येता येते, आणि ती रीत म्हणजे मागे मागे सरकत. गडबड ऐकून व्यवस्थापक नेमके तेव्हाच येऊन थांबले होते. अशा प्रकारे नऊ वर्षांच्या निष्कलंक सेवेनंतर व्यवस्थापकांना पर्यवेक्षकांचे पहिले ठळक दर्शन पाठमोरे, आणि तेही जमिनीपासून दोन फुटांवर घडले.

"हे काय आहे?" व्यवस्थापकांनी विचारले.

"पाहणी करीत होतो," तळाधिपती गुडघे झटकीत म्हणाले.

तरीही त्यांनी हिंमत सोडली नाही. फाटकावरच्या जोडीदार सेवकाशी त्यांनी बोलणे केले: तासातली पंधरा मिनिटे जोडीदाराने ओळी सांभाळायच्या आणि तेवढा वेळ आपण आत बसायचे. जोडीदार भला माणूस; त्याने फक्त एवढेच विचारले की आपल्याला सायकलीसाठी रोज धुलाईघरापर्यंत चालत जाताना काय वाटत असेल. पंधरा दिवस ही व्यवस्था चालली. डोळ्याची लाली उतरली. सौभाग्यवती रोज सकाळी त्यांची हनुवटी धरून, चेहरा खिडकीकडे वळवून डोळा पाहत आणि म्हणत, "आज बरा आहे हं." आरोग्यतपासणीला तेव्हा दोन महिने उरले होते आणि तक्त्यावरची पाचवी ओळ त्यांच्या टप्प्यात आली होती.

मग एका लहान मुलीने भूछत्राबरोबर छायाचित्र काढले.

ते छायाचित्र तिच्या आईने आपल्या ओळखीच्या लोकांना पाठवले, त्यांनी आपल्या. चार दिवसांत भूछत्रापुढे रांग लागली. लोक गाडी लावून हॉटेलकडे किंवा उद्यानाकडे न जाता आधी भूछत्राकडे जाऊ लागले. काही तर नुसते त्यासाठीच येऊ लागले. एकदा तळाधिपती आत बसले असताना गोल खिडकीतून सात-आठ चेहरे आत डोकावले आणि त्यांतला एक म्हणाला, "आई, यात एक आजोबा अडकलेत." दुसऱ्याच दिवशी देठावर सोनेरी अक्षरांत पाटी लागली: 'वनबुटक्याचे घर. केवळ अभ्यागतांसाठी. कर्मचाऱ्यांनी आत प्रवेश करू नये.'

तळाधिपती व्यवस्थापकांच्या दालनात गेले. जिन्यातच त्यांनी वाक्य जुळवले होते: साहेब, ते छप्पर मी मागितले होते, आणि माझ्यासाठी मागितले होते. दालन थंड होते, पडदे ओढलेले होते, आणि व्यवस्थापक त्यांना पाहून चक्क उठून उभे राहिले.

"या, या! तुमचीच आठवण काढली आत्ता. बसा." त्यांनी टेबलावरचा कागद उचलला. तो अर्ज होता. "'अभ्यागतांच्या सुखसोयीत वृद्धी व्हावी या एकमेव हेतूने.' एकमेव! किती अर्ज येतात माझ्याकडे. पगार वाढवा, पाळी बदला, पाठ दुखते, गुडघे दुखतात. स्वतःपलीकडे कुणी बघत नाही. हा पहिला अर्ज, ज्यात मागणाऱ्यानं स्वतःसाठी काही म्हणजे काही मागितलं नाही. मी चौकटीत घालून कर्मचाऱ्यांच्या भोजनगृहात लावणार आहे."

"साहेब, त्याचं असं आहे... माझा डोळा..."

"दिसतंय मला. भरून आलाय. साहजिक आहे," व्यवस्थापक सद्गदित होऊन म्हणाले आणि त्यांनी टेबल ओलांडून येऊन त्यांचा हात हातात घेतला. आता ते वाक्य उच्चारायचे म्हणजे स्वतःची चौकट स्वतःच फोडायची. तळाधिपतींनी डोळा पुसला, धन्यवाद म्हटले आणि ते उन्हात परत गेले.

जखमेवर मीठ म्हणावे तर ते पुढेच होते. भूछत्रात आता एक खराखुरा वनबुटका बसवायचे ठरले. लाल टोपी, लोकरी दाढी, आणि काम म्हणजे दिवसभर सावलीत बसून मुलांना हात करणे. कर्मचाऱ्यांपैकी कोणाला इच्छा असल्यास विचार होईल, असे सूचनाफलकावर लागले.

"तुम्ही घ्या," सौभाग्यवती जेवताना म्हणाल्या.

"मी? दाढी लावून? मुलांना हात करू?"

"डोळा राहील. दाढी संध्याकाळी काढता येते."

दोन दिवस त्यांनी मानाशी झगडा केला आणि तिसऱ्या दिवशी मानाला घरी ठेवून ते संकल्पना विभागात गेले. तेथे शिंप्याने त्यांची मापे घेतली. उंचीची मर्यादा पाच फूट दोन इंच होती. तळाधिपती पाच फूट नऊ इंच भरले.

"गुडघ्यांवर बसून चालेल का बघूया," संकल्पनाबाई म्हणाल्या. त्या मनाने वाईट नव्हत्या.

पंचावन्न वर्षे वयाचा, पदवीधर, स्वतःच्या इमारतीत दोनदा सचिव म्हणून निवडून आलेला हा माणूस त्या खोलीत गुडघ्यांवर बसला. त्याला दाढी लावण्यात आली. "आता हसा," बाई म्हणाल्या. तो हसला. "हात करा." त्याने हात केला. बाईंनी मान एका बाजूला कलती केली, मग दुसऱ्या बाजूला.

"नाही जमत, काका. उंचीचं निभावलं असतं. पण चेहरा फार गंभीर आहे. मुलं घाबरतील."

ती जागा एका नाटकात काम करणाऱ्या तरुणाला मिळाली. तळाधिपतींना रांगेचे काम मिळाले. रांगेतली मुले उन्हाने किरकिरू लागली तेव्हा एका आईने तक्रारीचा अर्धा कागद लिहून दिला, आणि त्याच दिवशी, दोन तासांच्या आत, रांगेवर हिरव्या कापडाचे लांबलचक छत उभे राहिले. त्याला ना भांडारपालाने हरकत घेतली, ना सुरक्षा अधिकाऱ्याने वारा पाहिला. छताखाली जागा मोजकी असल्यामुळे ती पाहुण्यांसाठी होती. तळाधिपती छत जेथे संपते तेथे, सावलीच्या काठापासून एका पावलावर, दोरीचे टोक धरून उभे राहत. संध्याकाळी सावली लांब होई आणि त्यांच्या बुटांपर्यंत येई. तोवर त्यांची पाळी संपलेली असे.

डोळा आता सकाळपासूनच गळू लागला. तो इतका लाल झाला, की आठवड्याभरात दुसरी तक्रार आली. 'रांगेच्या शेवटी उभा असलेला वनरक्षक सतत रडतो. आमच्या मुलाने विचारले की त्याला कोणी मारले का. सहलीचा आनंद गेला.' व्यवस्थापकांनी कलम सतरा काढून पाहिले. डोळ्यांत स्मित नव्हते हे उघड होते. तळाधिपतींना पाहुण्यांच्या दृष्टीपासून दूर, हॉटेलच्या तळघरात, अधिकाऱ्यांच्या वाहनतळावर हलवण्यात आले. हिरवा पोशाख आणि पिसाची टोपी काढून घेण्यात आली, आणि करडा सदरा देण्यात आला.

"आता पाताळाधिपती!" मेहुणे म्हणाले. या वेळी मात्र कोणी हसले नाही.

तळघरात अकरा गाड्या येत. प्रत्येकीची जागा भिंतीवर रंगवलेल्या नावाने ठरलेली. कोणी जागा विचारीत नसे, कोणी गाडी विसरत नसे, लबाड तेथे फिरकत नसत. सकाळी अकरा गाड्या येताना पाहायच्या आणि संध्याकाळी जाताना पाहायच्या. मधल्या वेळात दिव्याची नळी गुणगुणे आणि धुलाईघराच्या नळातून साबणाचे पाणी वाहत जाई. वर, डोक्यावर, चारशे गाड्या कोणत्या ओळीत लागत असतील याचा विचार ते पहिले काही दिवस करीत. नंतर त्यांनी तो सोडून दिला. परंतु एक गोष्ट मान्य केलीच पाहिजे: तेथे ऊन नव्हते. एक किरणसुद्धा नव्हता. दहा दिवसांत डोळा गळायचा थांबला, आणि तपासणीच्या दिवशी तो लहान मुलाच्या डोळ्यासारखा स्वच्छ होता.

तपासणीसाठी बाहेरून एक तरुण डॉक्टर आले होते. त्यांनी उजवा डोळा झाकायला सांगितला आणि तक्ता दाखवला. "पाचव्या ओळीपर्यंत वाचा, पुरे आहे."

येथे तळाधिपतींनी पाचव्या ओळीवर थांबायला हवे होते. परंतु कित्येक आठवडे ज्याला कोणी काही विचारलेच नव्हते, त्या माणसाला कोणीतरी शेवटी काहीतरी विचारले होते. त्यांनी पाचवी ओळ वाचली. सहावी वाचली. सातवी, जी कोणी वाचत नाही, तीही वाचली. मग थोडे पुढे झुकून त्यांनी तक्त्याच्या अगदी खाली, कोपऱ्यात छापलेले छापखान्याचे नाव आणि आवृत्तीचे वर्षही वाचून दाखवले.

"वा!" डॉक्टर म्हणाले. "कुठे असता तुम्ही?"

"तळघरात."

"एवढी नजर तळघरात काय करतेय?" असे म्हणून त्यांनी कागदावर काहीतरी लिहिले, दोनदा अधोरेखित केले आणि पाठीवर थाप मारली. तळाधिपती त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी ताठ चालत घरी गेले. सौभाग्यवतींनी सगळे ऐकले. "पाचव्या ओळीवर का नाही थांबलात?" असे त्यांनी विचारले नाही, पण भाजी चिरता चिरता त्यांचा हात थांबला.

दुसऱ्या दिवशी दुपारी कचेरीतला कारकून तळघरात उतरला. त्याच्या एका हातात हिरवा पोशाख आणि पिसाची टोपी होती, दुसऱ्या हातात लिफाफा.

"आदेश आहे तुमचा, काका. अक्षर बारीक आहे जरा. वर उजेडात जाऊन वाचता?"

"नको," तळाधिपती म्हणाले. "इथेच वाचतो."

त्यांनी कागद दिव्याच्या नळीखाली धरला. 'आपली दृष्टी अत्युत्तम असल्याचा वैद्यकीय अहवाल प्राप्त झाल्यामुळे, तिचा अधिकात अधिक उपयोग व्हावा या हेतूने, आपणांस उद्या सकाळपासून निवृत्तीच्या दिनांकापर्यंत अभ्यागत-वाहनतळाच्या खुल्या विभागात पूर्णवेळ नियुक्त करण्यात येत आहे.'

त्यांनी उजवा डोळा हाताने झाकून तो पुन्हा एकदा नुसत्या डाव्या डोळ्याने वाचला. एकही अक्षर धूसर नव्हते.